हजहून आलेल्या माणसाला 'हाजी' म्हणावं का?

झुळूक

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. २०२४ ला अम्मीला घेऊन हजला जाऊन आले. आल्यापासून ओळखीचे सगळे तिला 'हज्जन' म्हणतात आणि ती दर वेळी वैतागते. परवा एका मावशीला सरळ म्हणाली, "पन्नास वर्षं पाच वेळची नमाज पढतेय, कुणी नावाआधी नमाजी लावलं नाही, आणि पाच दिवस उन्हात फिरून आले तर लगेच पदवी?" मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तो प्रश्न मला चिकटला. कलमा, नमाज, रोजा, जकात हे जसे फर्ज (बंधनकारक) तसाच हज, मग बिरुद फक्त यालाच का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हज सगळ्यांवर फर्ज नाहीये. कुराणात (३:९७) स्पष्ट आहे की ज्याची तिथवर पोचायची ऐपत आहे त्याच्यावर. आणि ऐपत म्हणजे खिशात पैसे आहेत एवढंच नाही, तब्येत हवी, वाट सुरक्षित हवी, मागे राहिलेल्या घरच्यांची सोय हवी, डोक्यावर कर्ज नको. तेही आयुष्यात एकदाच. म्हणजे जगातले बहुतेक मुसलमान हज न करताच जातात आणि त्यांच्या दीनात (धर्मात) त्यामुळे तसूभर कमी येत नाही. हे आपल्यातल्याच कितीतरी लोकांच्या डोक्यात नसतं.

दुसरं म्हणजे हज म्हटलं की फोटो काब्याचा, पण हज खरा अराफातचा. ९ झिलहजला (हिजरी वर्षाचा शेवटचा महिना) दुपारपासून त्या मैदानात हजर असायचं. ते हुकलं तर हज हुकला, मग काब्याला शंभर फेऱ्या मारा. आणि तिथे बघायला काही नाही हो! ना काब्यासारखी इमारत, ना कबर, ना काही. उभं राहायचं, दुआ मागायची, रडायचं. अम्मी पहिला तासभर नावं घेऊन घेऊन दुआ मागत होती, कामवाल्या बाईच्या मुलीचं लग्नसुद्धा त्यात होतं, आणि मग तिची नावं संपली आणि ती नुसतीच बसून राहिली हात तसेच उघडे ठेवून. मी तिला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं.

सूर्य बुडाल्यावर मुजदलिफाला, अराफातहून परतताना मधे लागणाऱ्या मैदानात. रात्र उघड्यावर, रस्त्याच्या कडेला चटई टाकून. तिथे जमरातसाठी (सैतानाची खूण म्हणून ज्यांना खडे मारतात त्या भिंती) खडे गोळा करायचे असतात, साधारण हरभऱ्याएवढे. आम्ही मोबाईलच्या उजेडात वेचून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरत होतो. शेजारी आफ्रिकेतली एक उंच बाई बसली होती, कुठल्या देशाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिने अम्मीच्या हातातली बाटली घेतली, सगळे खडे चटईवर ओतले, बोटाने चाळले, चार मोठे निघाले ते मागे भिरकावले आणि स्वतःच्या पिशवीतले चार त्यात टाकून बाटली परत दिली. भाषा नाही, नाव नाही. अम्मीने तिचा हात धरला, ती हसली आणि झोपली. बस्स.

त्या बाईला अम्मी कोण हे माहीत नव्हतं आणि अम्मीला ती कोण हे. मला वाटतं हज एवढंच करतो, पाच दिवस तुम्ही कोण आहात ते कुणाला कळू देत नाही. आणि घरी आलं की लोक त्याचीच पाटी करून नावाआधी ठोकतात. गंमत आहे ना? काय वाटतं तुम्हाला?

कोरा_कागद

छान लिहिलंय ताई, बाटलीचा प्रसंग तर डोळ्यासमोर आला. पण ते कोण आहात कळू न देण्याचं मला तितकंसं पटलं नाही. एहरामची पांढरी दोन कापडं सगळ्यांची सारखी हे खरं पण मिनाला, जिथे हाजी तंबूत राहतात, तिथे तंबू सारखे असतात का? जमरातच्या जवळचे महागडे वेगळे आणि लांबचे वेगळे. आणि काब्याच्या डोक्यावर तो ६०१ मीटरचा घड्याळाचा टॉवर, त्यातल्या हॉटेलच्या खिडकीतून खाली तवाफ (काब्याभोवतीच्या फेऱ्या) बघत बसणारे लोक. त्या टॉवरच्या प्रकल्पासाठी २००२ मध्ये उस्मानी काळातला अजयादचा किल्ला पाडला, टेकडीसकट. एहराम सगळ्यांना एकसारखं करतो पण एसी करत नाही.

झुळूक

@कोरा_कागद, हे खोटं नाही. आम्हीही त्यातले आहोत, आमचा तंबू लांबचा होता. ग्रुपवाल्याने (नाव घेत नाही) 'जमरातला चालत दहा मिनिटं' सांगितलेलं, निघाले पन्नास. आमच्यातले एक काका खवळले, पण कुराणात (२:१९७) आहे ना की हजमध्ये भांडण नको, तर ते दात आवळून म्हणाले, "एहराम उतरू दे, मग बघतो त्याच्याकडे." आणि खरंच, १० तारखेला कुर्बानी झाली, डोकं भादरून आले, कपडे बदलले आणि सरळ ग्रुपवाल्याच्या तंबूत शिरले 😄

रातकिडा

'हाजी' हे बिरुद का, याचं उत्तर मला इतिहासात दिसतं. आज विमानात बसलं की काही तासात जेद्दा, पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत हजला निघालेला माणूस परत येईलच याची खात्री नसायची, म्हणून निघताना मृत्युपत्र करायचं, देणी फेडायची, ज्यांचं वाईट केलं त्यांची माफी मागायची, हे सगळं व्हायचं (अजूनही करतात). प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३२५ ला तांजेहून हजसाठी निघाला तेव्हा २१ वर्षांचा होता, मोरोक्कोत परत आला १३४९ ला. आता तो मधे बराच भटकला हा भाग वेगळा, पण मुद्दा कळला असेल. दमास्कस आणि कैरोहून मोठे काफिले निघायचे, बरोबर सैनिक, कारण वाटेत लूटमार. पाणी संपलं की माणसं आणि उंट वाळूतच. मग वाफेची जहाजं आली, गरिबांनाही जाता यायला लागलं, पण त्याच जहाजांनी रोगही आणला. १८६५ ला मक्केत कॉलरा पसरला, त्या वर्षीच्या साधारण ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार गेले असा अंदाज आहे, आणि परतणाऱ्यांबरोबर तो इजिप्तमार्गे युरोपात शिरला. लगेच १८६६ ला इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली ती प्रामुख्याने याच कारणाने. तांबड्या समुद्रात क्वारंटाईनची बेटं झाली, यात्रेकरूंना तिथे दिवसेंदिवस डांबून ठेवायचे. आज हजला जाताना मेंदूज्वराची लस सक्तीची असते त्या कारभाराचं मूळ तिकडे आहे.

तर अशा प्रवासातून जो परत यायचा त्याला हाजी म्हणणं म्हणजे निव्वळ धार्मिक मान नव्हता, 'हा जग बघून, जिवंत परत आलाय' अशी ती ओळख होती. कुठे कसलं राज्य आहे, कुठला भाव काय चाललाय, कुठले आलिम (धर्मपंडित) काय शिकवतात ही बातमी तोच घेऊन यायचा. विमान आलं, बातमी मोबाईलवर आली, बिरुद तेवढं मागे राहिलं.

शून्यवादी

लेख वाचला, भावना पोचल्या. पण मूळ प्रश्न कुणी विचारणार नाही म्हणून मी विचारतो. मूर्ती नाही मानायच्या म्हणता आणि दगडाचं चुंबन घेता, भिंतीला दगड मारता. हे काय आहे मग? शिवाय दर वर्षी चेंगराचेंगरी.

झुळूक

अपेक्षित होताच तुम्ही, या बसा.

हजरे असवदबद्दल (काब्याच्या कोपऱ्यातला काळा दगड) दुसऱ्या खलिफांचा, हजरत उमरचा किस्सा हदीसमध्येच आहे. ते त्या दगडापुढे उभं राहून म्हणाले की मला माहितीये तू दगड आहेस, तू कुणाचं भलं करू शकत नाहीस की वाईट, पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. म्हणजे तुमचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी विचारून झालाय, तोही दगडासमोरच. आणि गर्दीत तिथवर पोचता आलं नाही तर लांबून हात उंचावला तरी पुरतं, आम्ही तेच केलं. धक्काबुक्की करून चुंबन घेणारे मात्र मला आजही कळत नाहीत.

जमरातचं म्हणाल तर इब्राहिम मुलाला कुर्बान करायला निघाले तेव्हा सैतानाने तीन ठिकाणी अडवलं ती आठवण. तिथे सैतान बसलेला नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. निदान माहीत असायला हवं, कारण माझ्यासमोर एकाने चप्पल फेकली.

जुना_हिशेबनीस

चेंगराचेंगरीवर थोडं. १९९० ला मिनाच्या पादचारी बोगद्यात १,४२६ माणसं गेली. १९९७ ला तंबूंना आग लागली, तीनशेच्या वर गेले, त्यानंतर आग न पकडणारे तंबू आले. जमरातचे खांब काढून २००४ ला लांब भिंती केल्या म्हणजे दगड मारायला गर्दी एका जागी कोंबली जाऊ नये, तरी २००६ ला जमरातच्या पुलाच्या तोंडाशी ३४६ गेले आणि मग जुना पूल पाडून मजल्यांचा नवा बांधला, जायची वाट वेगळी यायची वेगळी. तेव्हापासून पुलावर तसं काही झालेलं नाही. पण २०१५ ला मिनाच्या रस्त्यावर झालंच, सौदीचा अधिकृत आकडा ७६९, वृत्तसंस्थांनी देशोदेशीचे आकडे जोडले तर २,४०० च्या वर. प्रत्येक अपघातानंतर शहाणपण त्या जागेपुरतं येतं, गर्दी दुसरीकडे जाऊन तुंबते.

म्हणून कोटा. १९८० च्या दशकाच्या शेवटी इस्लामी देशांच्या संघटनेत ठरलं की दर दहा लाख मुसलमानांमागे साधारण एक हजार जागा. २०१२ ला हजला ३१ लाखांहून जास्त लोक होते, २०२४ ला १८ लाख ३३ हजार. इंडोनेशियात नाव नोंदवल्यावर वीसच्या वर वर्षं थांबतात. साठीतल्या माणसाने नाव घालायचं म्हणजे काय ते समजा.

मला यात सगळ्यात आवडतं ते मलेशियाचं ताबुंग हाजी. तिथले खेडूत हजसाठी आयुष्यभर पैसे घरात दडवून ठेवायचे, व्याज नको म्हणून बँकेत नाही, आणि कमी पडले की जमीन-गुरं विकायची, परत आले की कंगाल. १९५९ ला उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने मांडलं की हा पैसा एकत्र करून व्याजाविना गुंतवा. १९६३ ला संस्था सुरू झाली आणि आज ती देशातल्या मोठ्या गुंतवणूकदारांत आहे. गादीखालच्या नोटांतून उभी राहिलेली ही वित्तसंस्था, हजच्या ओढीने. हज फक्त पैसे खर्च करायला लावतो म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

उंबरठा

पुरुषांची आकडेमोड चालू द्या, मी सई या विधीबद्दल लिहिते कारण त्यावर कुणीच बोललं नाही.

हजमधला अख्खा एक विधी एका बाईच्या धावपळीची नक्कल आहे. हाजरा, परंपरेने दासी म्हणून सांगितलेली बाई, तान्ह्या पोराला घेऊन ओसाड खोऱ्यात एकटी, पाण्यासाठी सफाच्या टेकडीवरून मरवाच्या टेकडीवर सात वेळा. राजे असोत, मौलाना असोत, सेनापती असोत, सगळ्यांना तिच्या पावलावर पाऊल ठेवून सात फेऱ्या मारायच्या, मिळून तीन किलोमीटर तरी होतात. मधे हिरवे दिवे लावलेत तेवढ्या पट्ट्यात पुरुषांनी धावायचं, कारण ती तिथे धावली होती. बायकांनी तेवढंही धावायचं नाही, हाजराने सगळ्यांच्या वाटचं धावून घेतलंय असं माझी आजी म्हणायची. आता तिथे संगमरवर आणि गार हवा आहे, टेकड्यांचे खडक काचेआड दिसतात. तरी मला त्या दिव्यांखालून जाताना भरून आलं.

आणि एक, ज्याबद्दल बायका आपसातच कुजबुजतात ते. पाळी. महिनोन् महिने तयारी केलेली असते आणि नेमकी तेव्हाच पाळी आली की बाया हंबरडा फोडतात, कुणी गोळ्या खाऊन पुढे ढकलतात आणि तब्येतीचे हाल करून घेतात. अगं, पैगंबरांच्या हजमध्ये हजरत आयशांनाही पाळी आली होती, त्या रडत होत्या, तर त्यांना सांगितलं गेलं की हाजी जे करतात ते सगळं कर, फक्त तवाफ पाक झाल्यावर. अराफात, मुजदलिफा, दगड, दुआ, सगळं चालतं. परतीचं तिकीट आड येतं तिथे खरी अडचण होते, धर्म आड येत नाही.

तवाफमध्ये बायका-पुरुष एकत्र असतात, एहराममध्ये बाईने चेहरा नकाबाने बांधायचा नाही. आणि २०२१ पासून महरम (नवरा, बाप, भाऊ असा जवळचा पुरुष) सोबत नसलेल्या बायकांना ग्रुपबरोबर जायला सौदीने मोकळीक दिली. आमच्या खोलीत चौघीजणी एकट्या आलेल्या होत्या, त्यातली एक सत्तरीची, तिला कुणीच नव्हतं. ती सगळ्यात आधी तयार होऊन दारात उभी असायची.

शून्यवादी

उंबरठा, हा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता, धन्यवाद. पण २०२४ ला तेराशे माणसं उन्हाने मेली ना? झुळूक ताई तिथे होत्या तर त्यांनी त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. श्रद्धेच्या धाग्यात हे बसत नाही का?

झुळूक

बसतं. लिहिलं नाही कारण लिहवत नव्हतं.

१,३०१ हा सौदीने दिलेला आकडा. हरमच्या (काब्याभोवतीची मोठी मशीद) परिसरात पारा ५१.८ ला गेला होता. त्यातले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले असं त्यांनी सांगितलं. हे वाचताना 'बेकायदेशीर होते' असं वाटून आपण पुढे सरकतो. मी जे पाहिलं ते असं की आमच्या बसला एसी, तंबूला एसी, जागोजागी पाण्याचे फवारे, आणि ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांना ना बस ना तंबू, चालायचं किलोमीटरच्या किलोमीटर आणि सावली मिळेल तिथे बसायचं. मिनाच्या रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते, छत्री मांडीवर मिटलेली. मला वाटलं दमलेत. एका स्वयंसेवक मुलाने तोंडावर पाणी मारलं, हलवलं, आणि मग त्याने स्वतःची टोपी काढून त्यांच्या चेहऱ्यावर ठेवली. अम्मीने छत्री उघडून त्यांच्यावर धरली आणि तशीच उभी राहिली गाडी येईपर्यंत. गाडी यायला बराच वेळ लागला.

ऐपत नसेल तर फर्ज नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल का? की सांगूनही उपयोग नाही, कारण सरकारी मार्गाने नंबर लागेपर्यंत आपण नसू हे त्यांनाही ठाऊक होतं? आणि व्हिजिट व्हिसावर 'हज करवून देतो' म्हणून पैसे घेणारे दलाल, ते मात्र सावलीत. मला त्या म्हाताऱ्यांवर रागावता येत नाही. हाजी शब्द ऐकला की मला ते आठवतात. त्यांच्या नावाआधी कुणी लावलं असेल का?

रातकिडा

🙏

एक गोष्ट कदाचित माहीत असेल, हिजरी वर्ष चांद्र, अधिक महिना नाही, त्यामुळे हज दर वर्षी १०-११ दिवस मागे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आता तो उन्हाळ्यातून हळूहळू बाहेर पडतोय. पण पुन्हा येईलच.

कोरा_कागद

एक वेगळा मुद्दा. हजने माणूस बदलतो का यावर खरंच अभ्यास झालाय. पाकिस्तानात अर्ज जास्त आणि जागा कमी म्हणून लॉटरी काढतात, तर क्लिंगिंगस्मिथ, ख्वाजा आणि क्रेमर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ च्या हजला नंबर लागलेले आणि न लागलेले असे सोळाशेच्या वर अर्जदार परतीनंतर काही महिन्यांनी गाठले. दोन्हीकडची माणसं सारख्याच इच्छेची, फरक चिठ्ठीचा, म्हणून तुलना चोख. जाऊन आलेल्यांमध्ये नमाज-रोजा वाढला, ताईत वगैरे स्थानिक प्रकार कमी झाले, आणि दुसऱ्या पंथाच्या, दुसऱ्या वंशाच्या, अगदी दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दलही आपुलकी वाढलेली दिसली. मुलींनी शिकावं हे मत वाढलं. त्यांचं म्हणणं असं की शेकडो तऱ्हेची माणसं जवळून बघण्याचा हा परिणाम असावा. म्हणजे तुमच्या आईसाहेबांचे ते चार खडे, झुळूक ताई. एसीवाला मुद्दा मी मागे घेत नाही पण 😊

अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स, त्याचंही तेच ना, १९६४ ला गेला तेव्हा गोऱ्यांबद्दल पक्कं मत घेऊन गेला आणि तिथून पत्र लिहिलं की निळ्या डोळ्यांच्या माणसांबरोबर एका ताटात जेवलो.

तिसरी_घंटा

सगळं ठीक पण मुसलमान नसलेल्यांना मक्केत जाता येत नाही हे का? एवढी माणुसकी आहे तर मला पण बघू द्या.

जुना_हिशेबनीस

@तिसरी_घंटा, आधीच्या प्रतिसादांत बघा, ज्यांना हक्क आहे तेच वीस-वीस वर्षं रांगेत आहेत 😀 गंमत सोडा, मक्केभोवती पवित्र क्षेत्राची, हरमची, हद्द ठरलेली आहे आणि तिथे फक्त मुसलमानांनाच जाता येतं, तुम्हाला पटो न पटो. १८५३ ला इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन वेष पालटून गेलाच होता, पण तो नाद करू नका.

तिसरी_घंटा

बरं बाबा, राहिलं.

पाऊलखूण

धागा दोनदा वाचला. पुढच्या हजला अब्बांचा नंबर लागलाय, सोबत मी. त्यांचं वय ७१, गुडघे दुखतात. झुळूक आपा, एखादी अशी गोष्ट सांगा जी माहितीपुस्तकात नसते.

झुळूक

मुबारक! गुडघ्यांसाठी तवाफ आणि सई दोन्हींना वरच्या मजल्यावर व्हीलचेअरची वेगळी वाट असते, लाजू नका, घ्या. अब्बांच्या खिशात तुमचा नंबर आणि तंबूचा नंबर लिहिलेला कागद ठेवा, कार्ड असतं गळ्यात पण गळ्यातलं हरवतं. आतापासून रोज चालवा त्यांना.

आणि चप्पल. हरमच्या दाराशी कधीच ठेवू नका, कापडी पिशवीत घालून पाठीला. अम्मीने पहिल्याच दिवशी ठेवली आणि बाहेर आलो तर गायब, दुपारची फरशी तापलेली. म्हणाली, "घेऊन गेला त्याचा हज कबूल होवो, पण पाय भाजतायत गं." मग माझी एक तिच्या पायात आणि एक माझ्या, असं हॉटेलपर्यंत लंगडत गेलो.

पाऊलखूण

पिशव्या शिवायला टाकल्या. दोन. अब्बा विचारतायत, अम्मींना सलाम सांगा, आणि हज्जन म्हणू की नको?

झुळूक

नको म्हणाली. सलाम पोचला. तिच्यासाठी अराफातला दुआ करायला सांगितलंय, नाव लिहून घ्या म्हणाली, नुसतं नाव.